बेडीला परवानगी कुणाची? एका अर्जाची हकिकत

माझा धाकटा भाऊ खुनाच्या गुन्ह्यात आरोपी आहे. हे आधीच सांगते, कारण ज्या ज्या टेबलापाशी मी उभी राहिले तिथे पहिला प्रश्न हाच आला, "कलम कुठलं?" कलम सांगितलं की समोरच्याचा आवाज बदलायचा. खटला सत्र न्यायालयात आहे, साक्षीपुरावा अजून व्हायचाय. तो दोषी की निर्दोष हे कोर्ट ठरवेल, त्याबद्दल मी इथे एक ओळही लिहिणार नाही. मला लिहायचंय ते त्याच्या पायातल्या साखळीबद्दल. पोटाचं ऑपरेशन झालेल्या, सलाईनवर असलेल्या माणसाला खाटेला कुलूप लावून ठेवायचा अधिकार कुणाचा, आणि तो त्यांना दिला कुणी, हे विचारायला गेल्यावर जे घडलं ते सगळं.

गेल्या पावसाळ्यात तुरुंगात असताना त्याच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स फुटेपर्यंत ते गोळ्यांवर निभावलं गेलं आणि मग रात्री घाईघाईने सरकारी रुग्णालयात हलवून ऑपरेशन झालं. घरी कुणी कळवलं नाही. मी मुलाकातीच्या रांगेत उभी होते. खिडकीवरच्या माणसाने यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हा इथे नाही, दवाखान्यात आहे." कुठल्या, कशासाठी, कधीपासून, काही नाही. कैदी रुग्णालयात असला तरी त्याला भेटायला परवानगी लागते. अधीक्षकांच्या नावे अर्ज, माझं आधार कार्ड, नात्याचा पुरावा म्हणून रेशनकार्डाची झेरॉक्स, असं सगळं जमवून चिठ्ठी मिळाली.

कैद्यांचा वॉर्ड भरलेला होता म्हणून त्याला पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात ठेवलं होतं. भिंतीकडेची खाट, बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक हवालदार. भावाच्या उजव्या घोट्यात बेडी होती. तिची साखळी खाटेच्या लोखंडी दांड्याला दोन वेढे देऊन कुलूपबंद केली होती. बेडीखाली कुणीतरी कापसाची घडी सरकवलेली, ती ओली होऊन काळपट झाली होती. घोटा सुजलेला. कड त्वचेत रुतलेली दिसत होती. पोटातून काढलेली ड्रेनची नळी त्याच उजव्या बाजूला, खाली टांगलेल्या पिशवीत सोडलेली. सलाईन डाव्या हाताला. म्हणजे डाव्या कुशीवर वळावं तर साखळी पुरत नाही, उजव्या कुशीवर वळावं तर नळी दबते. तो पाठीवर पडून छताकडे बघत होता. मला बघितल्यावर त्याने आधी चादर पायावर ओढून घ्यायचा प्रयत्न केला. ती पोचली नाही.

"ताई, आईला सांगू नकोस," एवढंच म्हणाला.

लघवीला भांडं मागायला लागायचं. संडासला जायचं तर हवालदारांकडे किल्ली, आणि हवालदार जेवायला खाली गेले की किल्लीही खाली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून मला हळूच म्हणाली, "काल रात्री त्यांनी खूप हाका मारल्या हो." त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं असेल तर आग. २०२१ मध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली होती, माणसं खाटांवरच गेली. इथे आग लागली तर बाकीच्यांना नातेवाईक ओढून तरी नेतील. याचं कुलूप कोण उघडणार होतं?

हवालदारांशी मी भांडले नाही. ते माझ्याहून वयाने मोठे, साताऱ्याकडचे, रात्रपाळी करून डोळे लाल झालेले. मी विचारलं, "दादा, ही साखळी कुणाच्या आदेशाने?"

"वरून आदेश आहे ताई."

"लेखी आहे का? मला बघायला मिळेल का?"

"लेखी कसलं? नेहमीचंच आहे हे. दवाखान्यात आरोपी असला की लावायचीच."

"कोर्टाने सांगितलंय?"

ते जरा वेळ गप्प राहिले. मग खुर्ची माझ्याकडे सरकवून त्यांनी जे सांगितलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत खरं वाटलेलं बोलणं. त्यांच्या बरोबरचा एक शिपाई अशाच ड्युटीवर होता. आरोपी बाथरूमला म्हणून गेला आणि खिडकीतून पळाला. शिपाई निलंबित झाला, चौकशी वर्षभर चालली, मुलीचं लग्न पुढे ढकललं गेलं. "पहाऱ्याच्या पार्टीला चार माणसं मंजूर असतात ताई. प्रत्यक्षात दोन येतात. एक जेवायला गेला की मी एकटा. हा पळाला तर माझी नोकरी जाणार. साहेबांची नाही."

मला त्यांचा राग आला नाही, आजही नाही. पण त्याच वेळी लक्षात आलं की माझ्या भावाच्या पायात साखळी होती ती तो पळेल म्हणून नव्हती. दोन माणसं कमी होती म्हणून होती. मनुष्यबळाची तूट एका आजारी माणसाच्या घोट्यावर भरून काढली जात होती.

तिथून बाहेर पडले आणि वकीलबाईंना फोन लावला. त्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळांना माहीत नसतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळतो, मग त्याच्या घरचं उत्पन्न काहीही असो. आम्ही अटकेनंतर आधी खाजगी वकिलांकडे दागिने मोडायच्या बेतात होतो. बाईंची फाइल जाड असते, आवाज चढत नाही आणि फोन केला की उचलतात.

त्यांनी पहिलं विचारलं, "कोर्टाची परवानगी घेतलीय का त्यांनी? नाही ना? मग अर्ज आपण नाही, त्यांनी करायला हवा होता. पण ठीक आहे, आपण करू." आणि मला काम लावलं. केसपेपरवर डॉक्टरांची नोंद हवी.

हे काम सोपं नव्हतं. निवासी डॉक्टर मुलगी जेमतेम पंचविशीची, तिच्यामागे सगळा वॉर्ड. ती म्हणाली, "हा पोलिसांचा विषय आहे मॅडम, आम्ही त्यात पडत नाही." मी म्हटलं, पोलिसांचं काही लिहू नका, पायाचं लिहा. घोटा सुजलाय की नाही? ऑपरेशननंतर पेशंटला चालवायचं असतं की नाही? तिने मान वर केली. पोटाच्या ऑपरेशननंतर शक्य तितक्या लवकर माणसाला उठवून चार पावलं चालवतात, कारण पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. हे तिनेच मला आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. युनिटचे मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा तिने स्वतःहून विषय काढला. त्यांनी बेडी उचलून घोटा पाहिला, कापसाची घडी काढून टाकायला सांगितली आणि केसपेपरवर लिहिलं: उजव्या घोट्याला सूज व त्वचेला जखम, रुग्णाला चालवणे आवश्यक, बंधनामुळे शक्य होत नाही. खाली सही, तारीख, वेळ. सिस्टरनी त्याची प्रत काढायला मदत केली. पुढे कोर्टात जे झालं त्यातलं निम्मं या नोंदीमुळे झालं असं मला वाटतं.

मुंबईच्या फोर्टात बाईंच्या बसायच्या जागेवर, दुसऱ्या एका वकिलांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर अर्ज तयार झाला. तिथे मला या विषयाचा कायदा पहिल्यांदा नीट समजला. आपल्याकडे तो कुठल्याही समितीच्या अहवालातून आलेला नाही, बऱ्याच अंशी कैद्यांच्या तक्रारींतून आलाय. तिहारमधल्या प्रेमशंकर शुक्ला नावाच्या कच्च्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना तार केली होती, की कोर्टात नेताना मला बेड्या घालतात. त्यावर १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. बेडी घालणं हे मुळातच अमानुष आणि मनमानी मानायचं, संविधानाच्या १४, १९ आणि २१ या कलमांशी विसंगत मानायचं. पळून जाण्याचा खराखुरा, दाखवता येईल असा धोका असेल आणि दुसरा काहीच उपाय नसेल, तरच ती घालायची. कारण त्याच वेळी लिहून ठेवायचं आणि न्यायाधीशांची मंजुरी घ्यायची. गुन्हा गंभीर आहे एवढं कारण पुरत नाही. पोलिसांची सोय हे कारण नाही. वरिष्ठांनी सांगितलं हेही कारण नाही. हवालदारांचं "वरून आदेश आहे" मला आठवलं आणि मी ते वाक्य पुन्हा वाचलं. आधी पहारा वाढवा, असं तो निकाल सांगतो. त्याआधी दोन वर्षं, १९७८ मध्ये, सुनील बत्रा प्रकरणात तुरुंगातल्या दंडाबेडीचा, म्हणजे पायांत घालायच्या लोखंडी दांड्याच्या बेडीचा, प्रश्न आला होता. पायात बेड्या घालून ठेवलेला तो कैदी कुख्यात खुनी चार्ल्स शोभराज होता. म्हणजे नियम घडला तो कुणा सज्जनासाठी नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. माझ्या भावाचं कलम ऐकून ज्यांचा आवाज बदलायचा त्यांना मी मनातल्या मनात हे सांगायचे.

आणि मग आमच्याच प्रसंगाचा निकाल. १९९५. गुवाहाटीच्या रुग्णालयात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचे सात स्थानबद्ध खाटांना बेड्यांनी जखडलेले, वर दोरखंड बांधलेला. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी ते पाहिलं आणि सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. वॉर्डाला बाहेरून पोलिसांचा पहारा असतानाही बांधलेले होते ते. न्यायालयाने देशभरासाठी सांगून टाकलं की तुरुंगात, प्रवासात, कोर्टात नेता-आणताना पोलिसांना किंवा तुरुंग अधिकाऱ्यांना आपल्या मर्जीने बेडी घालता येणार नाही. हवी असेल तर दंडाधिकाऱ्यांकडे या, कारणं दाखवा, परवानगी मागा. मोडलं तर न्यायालयाचा अवमान. तीस वर्षांनी, ७ फेब्रुवारी २०२५ ला, विहान कुमार प्रकरणात पुन्हा तेच. हरियाणात रोहतकच्या रुग्णालयात आरोपीला खाटेला साखळीने बांधलं होतं. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती कोटीश्वर सिंह यांनी हा कलम २१ चा भंग ठरवला आणि असं पुन्हा होऊ नये म्हणून राज्याला लेखी सूचना काढायला लावल्या. ओकसाहेब आपल्या मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षं न्यायमूर्ती होते. बाईंनी त्या निकालाची प्रत अर्जाला जोडताना त्याचा उल्लेख ज्या आदराने केला तो माझ्या लक्षात राहिलाय.

मी विचारलं, "आणि जगात? तिथे काय आहे?" शाळेत नागरिकशास्त्र शिकवते मी, मानवी हक्कांचा जाहीरनामा मुलांकडून पाठ करून घेते, म्हणून विचारलं. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये कैद्यांना वागवण्याचे किमान नियम नव्याने मंजूर केले, त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव आहे. त्यातला ४७ वा नियम साखळदंड आणि त्यासारखी मुळातच मानहानी करणारी किंवा वेदना देणारी साधनं सरळ बंद करतो. बाकीची बंधनं कायद्याने परवानगी असेल तेव्हाच. ने-आण करताना पळून जाऊ नये म्हणून घालता येतात, पण न्यायाधीशांसमोर उभं करताना काढायची. ४८ वा नियम सांगतो की कमीत कमी त्रासाचं साधन, गरज आहे तेवढाच वेळ. बाळंतपणाच्या कळा येत असताना, बाळंत होताना आणि लगेच नंतर बाईला कधीही नाही. हे शेवटचं नियमात लिहावं लागलं, याचा अर्थ कुठेतरी ते होत होतं. मी तिथे बराच वेळ थांबले.

हे नियम म्हणजे करार नव्हे, ते आपल्या कोर्टावर थेट बंधनकारक नाहीत. पण नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारलाय. त्याच्या १० व्या कलमात, स्वातंत्र्य हिरावलेल्या प्रत्येक माणसाला माणुसकीने वागवायचं असं स्पष्ट आहे. आणि आपल्या १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने मानवी हक्कांची जी व्याख्या केली आहे तिच्यात हे करार घेतलेले आहेत. एवढा धागा बाईंनी अर्जात एका परिच्छेदात बसवला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा एक निकाल त्यांनी मला नुसताच वाचायला दिला, २००३ चा, फ्रान्सविरुद्धचा. पंचाहत्तर वर्षांचा कैदी, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, रात्रभर घोट्याला साखळी लावून खाटेला बांधलेला, पहाऱ्याला दोन पोलीस असूनही. न्यायालयाने ती अमानुष वागणूक ठरवली. घोटा, खाट, दोन पोलीस. मी तो कागद घरी नेला आणि आईला मराठीतून सांगितला. भावाने सांगू नकोस म्हटलं होतं तरी तोवर आईला सगळं कळलेलं होतं.

आमच्याविरुद्ध काय येणार हे बाईंना ठाऊक होतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४३, उपकलम ३. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या या नव्या कायद्याने बेडीला पहिल्यांदाच अशी स्पष्ट जागा दिली. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद, अमली पदार्थ, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला अशी यादी आहे. खून त्यात आहे. अपेक्षेप्रमाणे सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, तोच आला: गुन्हा यादीतला, वॉर्ड उघडा, दारं तीन, नातेवाइकांची वर्दळ, आरोपी तरुण.

सुनावणीच्या दिवशी आमचा अर्ज बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, खूप खाली होता. दुपारच्या सुट्टीनंतर पुकारा झाला. बाईंनी कलम वाचून दाखवलं, सावकाश, शब्दावर शब्द ठेवून. बेडी वापरता येते ती "अटक करताना" आणि "न्यायालयासमोर हजर करताना". संपलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या मूळ विधेयकात फक्त अटकेचाच उल्लेख होता. डिसेंबरच्या विधेयकात न्यायालयात हजर करण्याची भर पडली आणि संसदीय समितीच्या शिफारशीनंतर आर्थिक गुन्हे यादीतून गेले. म्हणजे संसदेने या कलमावर दोनदा हात फिरवला, कुठे वाढवलं, कुठे कमी केलं. रुग्णालय घालायचं असतं तर घातलं असतं. बाई म्हणाल्या, जिथे कायदा गप्प आहे तिथे १९८० आणि १९९५ चे निकाल अजून उभे आहेत. शिवाय कलम ४६ सांगतंच की पळून जाणं रोखायला लागेल त्याहून जास्त बंधन घालायचं नाही.

न्यायाधीशसाहेबांनी एस्कॉर्टच्या प्रभारींना पुढे बोलावलं. "या आरोपीने पूर्वी पळायचा प्रयत्न केलाय?"

"नाही साहेब."

"तुरुंगातून काही वाईट शेरा?"

"नाही."

"बेडी लावायचं कारण कुठे लिहिलंय? वही दाखवा."

वही आली. पहारा बदलल्याच्या वेळा होत्या, सह्या होत्या, पेशंटला जेवण दिल्याची नोंद होती. बेडीबद्दल एक शब्द नव्हता. साहेबांनी पानं मागे-पुढे केली, मग केसपेपरवरची डॉक्टरांची नोंद वाचली, मग परत वही. सरकारी वकील म्हणाले की गुन्ह्याचं गांभीर्य लक्षात घ्यावं. साहेब म्हणाले, ते मी खटल्यात घेईन, खाटेवर नाही.

आदेश तिथल्या तिथे झाला. बेडी तात्काळ काढा. आरोपीची खाट दारापासून लांब हलवावी, पहाऱ्याला मंजूर संख्येएवढी माणसं द्यावीत, यापुढे बंधन हवं असेल तर कारणांसह अर्ज करून आधी परवानगी घ्यावी. रुग्णालयाच्या अधीक्षकांना आणि तुरुंगाला प्रत. बाईंनी हमदस्त मागितला, म्हणजे आदेशाची प्रत टपालाची वाट न बघता आम्हीच नेऊन देणार. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या वहीत, नोंद होऊन, प्रत तयार होऊन, शिक्का बसेपर्यंत कोर्ट रिकामं होत आलं होतं.

वॉर्डात पोचले तेव्हा दुसरे हवालदार होते, तरुण. त्यांनी प्रत वाचली, फोटो काढून वर पाठवला, तीन-चार फोन केले. किल्ली त्यांच्याकडे नव्हती, आधीच्या पाळीचे घेऊन गेले होते. ते परत यायला निघाले, पावसात लोकल उशिरा. मी खाटेपाशी उभी. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "काय म्हणालं कोर्ट?" मी सांगितलं. त्यांनी मोठ्याने सगळ्या वॉर्डाला सांगितलं.

किल्ली आली, तीही त्याच साताऱ्याच्या हवालदारांच्या हातात. त्यांनी कुलूप उघडलं, साखळी गुंडाळून पिशवीत टाकली आणि मला म्हणाले, "बरं झालं ताई, आता लेखी आहे. आता माणसं द्यावी लागतील त्यांना." दुसऱ्या दिवशी पहाऱ्याला खरंच आणखी दोन जण आले. त्या संध्याकाळी सिस्टरनी भावाला उठवून बसवलं, मग वॉर्डच्या टोकापर्यंत चालवत नेलं. पोटावर उशी धरून, वाकून, एका हाताने सलाईनचा स्टँड ढकलत. मी मागून चालत होते, दोन्ही बाजूला दोन शिपाई.

इथे ही हकिकत संपली असती तर मला बरं वाटलं असतं. तो तुरुंगात परतल्यावर टाके आणि जखम दाखवायला ओपीडीत न्यायचं होतं. या वेळी पोलिसांनी कोर्टात रीतसर अर्ज केला: ओपीडीत गर्दी असते, विरुद्ध गटातली मुलं आवारात फिरताना दिसली आहेत, त्यामुळे बेडीची परवानगी द्यावी. त्यांनी विचारलं, लेखी विचारलं, आम्हाला प्रत दिली. यात बदल आहे आणि तो मी नाकारत नाही. पण कारण वाचून मी बाईंना म्हटलं, धोका त्याच्या जिवाला आहे तर हात त्याचेच का बांधायचे? कुणी अंगावर आलं तर तो पोटावरचे टाके कशाने झाकणार? बाईंनी जवळपास हेच युक्तिवादात मांडलं. साहेबांनी अर्धं मान्य केलं. गाडीपासून ओपीडीच्या दारापर्यंत एका हाताला बेडी, तपासणीच्या खोलीत आणि कुठल्याही खाटेवर नाही, परवानगी त्या एका दिवसापुरती, पहारा चौघांचा.

मला हा आदेश पटलेला नाही. १९८० च्या निकालात पळून जाण्याचा धोका हे कारण आहे, दुसऱ्याकडून होणाऱ्या हल्ल्याचा धोका नव्हे. तरी तो आदेश आहे. त्यात कारण लिहिलंय, मुदत लिहिलीय, आणि म्हणून त्याच्याशी भांडता येतं. साखळीशी भांडताना माझ्याकडे भांडायला कागदच नव्हता.

पुढच्या तारखेला भाऊ पडद्यावर आला. हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरूनच हजेरी होते. शुक्ला निकालात आणखी एक गोष्ट आहे: कैदी समोर आला की न्यायाधीशांनी त्याला विचारायचं, तुला बेड्या घातल्या होत्या का, आणि घातल्या असतील तर तिथल्या तिथे अधिकाऱ्याला जाब विचारायचा. पडद्यावर छातीपर्यंतचा माणूस दिसतो, पाय दिसत नाहीत. बाईंनी तोंडी विनंती केली की दर तारखेला हा प्रश्न विचारला जावा आणि उत्तर रोजनाम्यात यावं. साहेबांनी त्या दिवशी विचारलं. भाऊ म्हणाला, ओपीडीच्या दाराशी काढली होती साहेब, आत नव्हती. ते नोंदलं गेलं.

त्याला अजून एकदा पोटाच्या सोनोग्राफीला न्यायचं आहे. पोलिसांचा तसाच अर्ज पुन्हा आलाय, मजकूर जवळजवळ तोच, फक्त तारीख बदललेली. आम्ही आमचा से दाखल केला आहे. यात आवारात फिरणाऱ्या त्या मुलांबद्दल काय तक्रार नोंदवली आणि काय कारवाई केली, हे पोलिसांनी आधी सांगावं असं म्हटलंय. सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.